मागणी नसल्याने परत

माझं काम सांगायला सोपं आहे आणि करायला ओशाळवाणं. लेखा कार्यालयांत जायचं, तिथल्या माणसांना एआयवर काम करायला शिकवायचं आणि पंधरा दिवसांनी प्रत्येकापुढे लिहायचं: तयार, अर्धवट तयार किंवा तयार नाही. एकतीस प्रश्नांचा तक्ता असतो. ज्यांनी उभा जन्म आकडे जुळवण्यात घालवला त्यांना मी गुण द्यायचे. मी स्वतः नऊ वर्षं लेखा कारकून होतो, त्यामुळे त्या खुर्च्यांत बसलेल्यांना माझा किती राग येत असेल हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यात माझं डोकं लवकर तापतं, म्हणजे रागाची देवाणघेवाण बरोबरीची होते.

अशाच एका कार्यालयात मला शेरेबाई भेटल्या.

दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. अकरा टेबलं, त्यांतल्या चारांच्या पायाखाली कागदाच्या घड्या. भिंतीला लोखंडी कपाटं, आणि त्यांची दारं लागत नाहीत म्हणून समोर टेकवलेल्या खुर्च्या. खिडकीजवळचं टेबल शेरेबाईंचं. निवृत्तीला चार महिने उरलेले. अंगाने बारीक, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली, आणि अक्षर असं की बघत राहावं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना लॅपटॉप वाटले. जेवणाच्या सुट्टीनंतर येऊन बघतो तर बाईंनी आपल्या लॅपटॉपवर रुमाल पांघरलेला.

"बाई, हे काय?"

"तापलंय ते. जरा पडू दे त्याला. तुमच्यासारखंच दिसतंय, मास्तर."

मी तिथे प्रशिक्षक म्हणून आलो होतो, पण बाईंनी पहिल्याच तासाला मला मास्तर करून टाकलं आणि मग सगळं कार्यालय तेच म्हणायला लागलं. पहिल्या चाचणीत त्यांना एकतीसपैकी नऊ गुण मिळाले. मी त्यांच्यापुढे 'तयार नाही' लिहिलं. त्यांनी तक्त्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "पेन्सिलीने लिहिलंत ते बरं केलंत. शाईची घाई करू नये माणसाने."

शेरेबाई हे नाव त्यांना कामावरून पडलं होतं. आमच्या रजिस्टरांच्या शेवटच्या रकान्याला 'शेरा' म्हणतात. रक्कम आली, इतकी खर्च झाली, इतकी उरून परत गेली. का उरली, ते त्या रकान्यात दोन-चार शब्दांत लिहायचं. बाहेरच्या माणसाला तो रकाना फालतू वाटेल, पण ऑडिटवाले आधी तिथेच बोट ठेवतात. शेऱ्यातल्या एखाद्या शब्दातून प्रश्न निघाला की आक्षेप आलाच. मग खुलासा, खुलाशावर पुन्हा खुलासा आणि साहेबांची बोलणी. शेरेबाईंची ख्याती अशी, की त्यांच्या शेऱ्यांवर तेवीस वर्षांत एकदाच आक्षेप आला होता, तोही पहिल्या वर्षी. लांबलांबच्या कार्यालयांतून त्यांना फोन यायचे.

"बाई, जीपच्या दुरुस्तीला एका वर्षात दोनदा पैसे गेलेत. काय लिहू?"

बाई डोळे मिटायच्या, ओठ हलवून शब्द चाखून बघायच्या आणि सांगायच्या, "'वापर अधिक असल्याने' लिही. 'बिघाड' लिहू नकोस. बिघाड म्हटलं की विचारतात, कोणी केला."

मी जुना कारकून. ऐकून दाद दिल्याशिवाय राहवेना. एकदा चहा पिताना मी विचारलं, "बाई, तुमचा सगळ्यात नामी शेरा कोणता?"

त्यांना विचार करावा लागला नाही. "'मागणी नसल्याने परत.' तीन शब्द. उरलेली रक्कम परत पाठवताना लिहायचा. ज्याला नकोच आहे त्याला का दिलं नाहीत, असं कोण विचारणार?"

मी पोट धरून हसलो. ते हसू आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्या वर्षी आणखी एक मोठं काम होतं. पुढच्या पाच वर्षांत त्या विभागातल्या कुठल्या भागाला निधीचे शंभरातले किती द्यायचे, ते पहिल्यांदाच एआय सुचवणार होता. आधी ते साहेब लोक बंद दाराआड ठरवायचे आणि ज्याचा वशिला मोठा त्याचा वाटा मोठा असायचा. "यंत्राला मामा-काका नसतात," हे माझं प्रशिक्षणातलं आवडतं वाक्य होतं, आणि माझा त्यावर मनापासून विश्वास होता. एआयला जुनी रजिस्टरं वाचायला द्यायची होती. लोकांकडून आलेल्या मागणीपत्रांचे गठ्ठेही द्यावेत का, असं राजधानीतून विचारलं होतं. मी गठ्ठे बघितले, तीन वेळा शिंकलो आणि कळवून टाकलं की रजिस्टरं पुरेशी आहेत, गठ्ठ्यांची गरज नाही.

पानांचे फोटो काढायला चार दिवस लागले. बाईंनी आपल्या रजिस्टरांना दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः एकेक पान उलटत होत्या, बोटाने सपाट करत होत्या.

सोमवारी सकाळी मी एआयला वाचायला सांगितलं. सगळे माझ्या पाठीशी गोळा झाले. पडद्यावर बाईंची तेवीस वर्षं सरसर वर सरकत गेली. चार मिनिटं लागली. मग एआयने टिपण काढलं: बेरजा जुळतात, खाडाखोड नाही, एका वर्षातले सहा महिने अक्षर वेगळं दिसतं, पण व्यक्ती तीच असावी, एरवी उजव्या हाताने लिहिणारी व्यक्ती डाव्या हाताने लिहीत असावी.

"अगं बाई!" शेरेबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मनगट मोडलं होतं माझं. रजा शिल्लक नव्हती म्हणून डाव्या हाताने लिहीत होते. शेजारच्या टेबलावर कोणाला पत्ता लागला नव्हता. याला कसं कळलं?"

मला तरी कुठे माहीत होतं? चाळीस कार्यालयांत मी हे यंत्र दाखवलं असेल, पण त्या सकाळी मीच थक्क होऊन बघत राहिलो. कोणाच्या तरी दुखऱ्या मनगटाचे सहा महिने त्याने कागदावरून ओळखले होते. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तेवीस वर्षं लिहिलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा कोणीतरी सगळं वाचलं."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, खोटं का सांगू?

मंगळवारी निकाल लागला. साहेबांच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा होता, त्यावर विभागातले नऊ भाग आणि प्रत्येकापुढे आकडा. शहराचा वाटा वाढला होता. शहराजवळच्या दोन भागांचाही वाढला होता. सगळ्यात खाली होता वरचा भाग, म्हणजे घाटापलीकडच्या डोंगरातल्या एकोणीस वाड्या. त्यांना आजवर शंभरातले अकरा मिळत. आता त्यांच्यापुढे चार होते.

साहेब खूश होते. "छान. आता कोणी माझ्या नावाने बोंब मारणार नाही. एआय म्हणतंय चार, तर चार. शुक्रवारी पाच वाजता वाटप बंद करायचं, मग पाच वर्षं त्यात बदल नाही."

"चार का?" शेरेबाईंनी विचारलं. त्या दाराशी उभ्या होत्या.

मी 'कारण' असं लिहिलेलं बटण दाबलं. मला ते बटण दाखवायला आवडायचं. पडद्यावर बावीस छोट्या चौकटी उघडल्या. प्रत्येकीत रजिस्टरातला एकेक तुकडा, प्रत्येकात तेच देखणं अक्षर: 'मागणी नसल्याने परत.' एक तेवढा वाकडा, डाव्या हाताचा. खाली एआयने लिहिलं होतं: या भागाकडून निधीची मागणी नाही, असे तेवीसपैकी बावीस वर्षांच्या नोंदींत आढळते. उरलेली एक नोंद इतरांशी विसंगत असल्याने वगळली आहे.

बाई पडद्याजवळ गेल्या. इतक्या जवळ, की त्यांच्या चेहऱ्यावर त्यांचंच अक्षर पडलं.

"हे खरं नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, अक्षर तुमचंच आहे," साहेब म्हणाले.

"अक्षर माझं आहे. पण हे खरं नाही."

साहेबांनी त्यांना जागेवर जायला सांगितलं. मी मागोमाग बाहेर आलो. व्हरांड्यात पाण्याच्या पिंपापाशी त्या उभ्या होत्या, हातातला पेला रिकामाच होता.

"पैसे राजधानीतून निघतातच उशिरा," त्या सांगू लागल्या. "इथे पोचतात तेव्हा वर्षअखेरीला सहा आठवडे उरलेले असतात. शहरात सहा आठवड्यांत कामं उरकतात, रस्ते बारा महिने चालू. वर तेव्हा घाट बंद असतो, दरडी पडलेल्या. सामान जाणार कसं? तिथे जे पडलेलं असेल त्यात थोडंफार करतात, बाकीची रक्कम परत. पहिल्या वर्षी मी लिहिलं, 'निधी उशिरा आल्याने परत.' आक्षेप आला, उशीर कोणी केला? बोट गेलं वित्त खात्याकडे. तेव्हाच्या साहेबांना राजधानीत बोलावून झापलं. परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, एवढं खरं लिहायची गरज होती का? पुढच्या वर्षी मी हे लिहिलं. कोणी हूं की चूं केलं नाही. मग तेच लिहीत गेले."

"बावीस वर्षं?"

"मला वाटायचं, रकाना आहे म्हणून भरायचा. तो कोणी वाचेल असं कुठे वाटलं होतं?"

मी भडकलो. जे तोंडाला येईल ते बोललो. एकोणीस वाड्यांच्या तोंडचं तुम्ही काढलंत, असंही बोललो. बाई ऐकून घेत होत्या. आणि बोलता बोलता मला ते गठ्ठे आठवले. वरच्यांची मागणीपत्रं गठ्ठ्यांत असणार होती, आणि गठ्ठे नकोत असं कळवणारा मीच होतो. माझा आवाज आपोआप खाली आला. तेवीस नोंदींत एकच खरी होती आणि माझ्या यंत्राने नेमकी तीच बाजूला टाकली होती.

"गठ्ठे काढू या," मी म्हणालो.

"दहा वर्षांपलीकडचे नियमाप्रमाणे रद्दीत गेले. बाकीचे चाळायला महिना लागेल." त्यांनी पेला पालथा ठेवला. "प्रती वर असतील. मास्तर, तुमची जीप मिळेल? मी तो भाग कधी बघितलेला नाही."

तेवीस वर्षं ज्या भागाचं रजिस्टर लिहिलं तो भाग बाईंनी बघितलेला नव्हता. मला हसू येणार होतं, पण मीही कुठे बघितला होता?

बुधवारी पहाटे निघालो, पाच तास लागले. घाट मोकळा होता, तरी दोनदा उतरून दगड बाजूला करावे लागले. वर आरोग्य केंद्र म्हणून एक भाड्याची खोली होती आणि एक परिचारिका होती, पन्नाशीची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः औषधांच्या खोक्यावर बसली. खोलीमागे खरं केंद्र उभं राहत होतं. उभं राहत होतं म्हणजे, तेवीस वर्षांपासून उभं राहत होतं. भिंती खिडकीच्या तळापासून हातभर वर आल्या होत्या. छप्पर नव्हतं, खांबांतून गंजलेल्या सळया वर आलेल्या.

मला ती अर्धवट भिंत वाटली. शेरेबाई मात्र तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. विटांचे पट्टे होते. खाली तांबडा, त्यावर फिका, मग काळसर, मग पुन्हा तांबडा. दर वर्षी हाताशी जेवढ्या विटा असतील तेवढा एक थर. बाईंनी खालून बोट ठेवलं.

"हे पहिलं वर्ष. हे दुसरं, चौतीस टक्के खर्च झाला होता. हे चौथं, नुसत्या दोन ओळी, बरोबर, त्या वर्षी नऊ टक्के." बोट वर सरकत गेलं. बघून नव्हे, पाठ असल्यासारखं. एका ठिकाणी थांबलं. तिथे दोन थरांमध्ये शेवाळलेली रेघ होती, नवी वीटच नव्हती. "इथे माझं मनगट मोडलं होतं. त्या वर्षी सगळीच्या सगळी रक्कम परत गेली."

आयुष्यात मी पुष्कळ हिशेब पाहिले, पण ताळेबंद विटांत उभा असलेला कधी पाहिला नव्हता. एका खोलीतल्या एका रकान्याचं इतक्या दूर काय होतं, ते माझ्यापुढे छातीएवढं उभं होतं.

परिचारिका मागे येऊन उभी राहिली होती. "तुम्ही लेखा कार्यालयातून आलात ना? मग एक विचारू? आमची पत्रं तिकडे कोणी वाचत नाही का? मी दर वर्षी पाठवते. माझ्या आधीची बाईही पाठवायची." तिने आत जाऊन पत्र्याची पेटी आणली. पत्रांच्या प्रती, प्रत्येकीवर आमच्याच कार्यालयाचा आवक शिक्का. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं.

"बाळंतपणाची अडचण आली तर काय करता?" बाईंनी विचारलं.

"पाठीवर खुर्ची बांधून खाली नेतात. पोचतात बहुतेक."

तिने पत्रं पुन्हा पेटीत रचली. मग परिचारिका म्हणाली, "खाली कोणीतरी लिहून ठेवतं म्हणे, की आम्हाला काही नको. कोण लिहितं, कळत नाही."

मी जमिनीकडे बघायला लागलो.

"मी लिहिते," शेरेबाई म्हणाल्या.

परिचारिकेने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता पेटीच डोक्यात घालते. पण तिने पेटीतून आमच्या कार्यालयाचं एक जुनं उत्तर काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "म्हणजे हे अक्षर तुमचं? मी पोरींना दाखवते, असं लिहायला शिका म्हणून."

बाईंनी तो कागद हातात घेतला आणि तिथेच विटांवर बसल्या. खूप रडल्या. परिचारिकेने पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि पेटी उचलून जीपमध्ये ठेवली.

नुसती पेटी पुरणार नव्हती. पत्र एक म्हणतं आणि रजिस्टर दुसरं, तर नियमाने रजिस्टरच खरं. रजिस्टरातली नोंद बदलायची तर ज्याने लिहिली त्यानेच सहीनिशी सांगायचं की माझी नोंद चुकीची होती, मला माहीत असून मी ती केली. असं लिहून देणाऱ्याची चौकशी लागते आणि निवृत्तिवेतन अडकतं. गुरुवारी साहेबांनी बाईंना बोलावलं. मी हजर होतो.

"चार महिने राहिलेत. गप्प बसा. पुढच्या वाटपात बघू."

"पुढचं वाटप पाच वर्षांनी आहे, साहेब."

"मग पाच वर्षांनी बघू. तुमचे यजमान काय करतात?"

"शिंपी होते. आता डोळे गेले."

"म्हणजे घर तुमच्या निवृत्तिवेतनावर. विचार करा."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, खिडकीशी झाकलेलं शिवणयंत्र. यजमान खाटेवर बसून एका जुन्या कोटाची शिवण बोटांनी चाचपत होते, सवयीने. बाईंनी त्यांना सगळं सांगून टाकलेलं होतं.

"मास्तर, किती कापतील?" त्यांनी मला विचारलं.

"तिसरा हिस्सा जाईल. कदाचित अर्धा. कदाचित सगळं अडकेल."

ते थोडा वेळ शिवण चाचपत राहिले. "मी एकदा एकाच्या लग्नाचा कोट आखूड शिवला. त्याला सांगितलं, तुझे हात लांब आहेत. त्याने मानलं बिचाऱ्याने. बाहीत हात ओढून घेत लग्नाला उभा राहिला." मग बाईंच्या दिशेने मान वळवून म्हणाले, "अगं, तू लिही. मी भाजीवर भागवेन. नाही तरी तू मांस कच्चंच ठेवतेस."

"अहो, डोळे गेले तरी जीभ शाबूत आहे तुमची," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

शुक्रवारी सकाळी बाईंनी बावीस दुरुस्त्या लिहिल्या, हाताने, तेच अक्षर. मी एकेक फोटो काढत गेलो. अकरा वाजता त्यांनी आपण होऊन लॅपटॉपवरचा रुमाल काढला आणि दोन बोटांनी एआयला प्रश्न विचारला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा, कोणी न सांगता: 'हाच शेरा आणखी कुठे आहे?'

पडद्यावर विभागाचा नकाशा आला. सात कार्यालयं उजळली, सगळी काठावरची, जिथे जायला दिवस मोडतो अशी. एकशे चाळीस नोंदी. शहरात आणि शहराजवळ एकही नाही.

"हे सगळे मला फोन करणारे," बाई म्हणाल्या. "माझं वाक्य इतकं लांब गेलं?" त्यांच्या आवाजात भीती होती आणि नवलही होतं. मीही त्या सात ठिपक्यांकडे बघतच राहिलो. यंत्राला मामा-काका नव्हते हे खरं, पण त्याला शिकवायला आम्ही होतो.

बाईंनी फोन हातात घेतला. सातांपैकी पाच जणांनी दुपारपर्यंत आपापली दुरुस्ती पाठवली, दोघांनी फोनच उचलला नाही. बाईंनी दुरुस्त्यांसोबतच्या निवेदनात एक ओळ वाढवली: सदर शेरा माझा आहे, इतरांनी तो माझ्या सांगण्यावरून वापरला. मी ती वाचून 'नको' अशी मान हलवली, कारण त्या ओळीने चौकशीचं सगळं ओझं त्यांच्या एकटीवर येत होतं. त्यांनी माझ्या मान हलवण्याकडे लक्ष दिलं नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी एआय थांबला. पडद्यावर प्रश्न होता: या व्यक्तीने बावीस वर्षे चुकीच्या नोंदी केल्याचे ती स्वतः सांगते. तिचे आजचे म्हणणे खरे का मानावे? अधिकाऱ्याचा निर्णय आणि शेरा आवश्यक.

साहेबांच्या दाताला दुपारी अचानक कळ आली होती आणि ते घरी गेले होते. वाटपाच्या कामात त्यांच्या गैरहजेरीत नोंदलेला अधिकारी मी. प्रश्न उर्मट वाटला, पण चुकीचा नव्हता. मी बसलो तसाच पाच मिनिटं बसून होतो. शेऱ्याच्या चौकटीत माझ्या नऊ वर्षांच्या कारकुनीतली सगळी सुरक्षित वाक्यं एकामागून एक सुचत होती. ती सगळी सोडून मी लिहिलं: 'ग्राह्य. खोटे लिहिताना यांचे काहीच जात नव्हते. खरे लिहिताना निवृत्तिवेतन जाते आहे. मागणीपत्रे एआयला न देण्याचा निर्णय माझा होता.'

बाई खांद्यावरून वाचत होत्या. दोऱ्याने बांधलेली दांडी त्यांनी नाकाशी घट्ट धरली होती.

"मास्तर, आक्षेप येईल यावर. शेवटचं वाक्य काढा. त्यातून प्रश्न निघतो."

"निघू दे."

 मी बटण दाबलं. एआयने पुन्हा सगळं वाचलं, पेटीतली पत्रंही, आणि या वेळी पहिल्या वर्षीची ती वगळलेली नोंद सगळ्यात वर आणून ठेवली. वरच्या भागापुढचा चार पुसला गेला आणि तिथे चौदा आला. खाली सूचना होती: रक्कम वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत पोचवावी, अन्यथा रस्ता बंद असतो. इतकी वर्षं ज्या वाक्याला सगळे घाबरत होते, ते यंत्राने साध्या भाषेत लिहून टाकलं होतं. आम्ही दोघं ते कितीतरी वेळ वाचत होतो. पाच वाजता वाटप बंद झालं.

शेवटच्या चाचणीत बाईंना एकोणीस गुण मिळाले. 'तयार'ला वीस लागतात. मी पेन्सिलीचं खोडलं आणि शाईने 'अर्धवट तयार' लिहिलं, कारण ते खरं होतं. त्यांनी वाचून मान डोलावली.

चौकशी व्हायची ती झाली. बाईंचं निवृत्तिवेतन तिसऱ्या हिश्शाने कापलं गेलं, कायमचं. माझ्याही टेबलावर तिसऱ्या आठवड्यात आक्षेप आला, चांगला दोन पानी: सदर शेरा शासनाच्या प्रतिष्ठेस बाधक आहे, शेवटचे वाक्य मागे घेण्यास तयार आहात काय, न घेतल्यास बढती का रोखू नये. मी तीन दिवस उत्तराचे मसुदे करत होतो आणि फाडत होतो. चौथ्या दिवशी बाईंना फोन लावला. पलीकडे शिवणयंत्राची घरघर ऐकू येत होती, आणि यजमानांचा आवाज: "सरळ, सरळ, आता वळव." बाई शिवायला शिकत होत्या.

"बाई, आक्षेप आलाय. काय लिहू?"

यंत्र थांबलं. मी वाट बघत राहिलो. त्या डोळे मिटून शब्द चाखून बघत असणार, हे मला इथून दिसत होतं.

"'शेरा कायम' लिहा, मास्तर," त्या म्हणाल्या. "दोनच शब्द."